तारेचा रोध कशावर ठरतो? टेबलावर मोजून बघण्याची पद्धत

लांबी, जाडी, धातू आणि तापमान. तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा तिचा अडथळा, कशावर अवलंबून असतो, या प्रश्नाचं हे चार शब्दांचं उत्तर बहुतेकांना पाठ असतं. मोजायला बसलं की मात्र पहिल्याच तासात एक गोष्ट लक्षात येते. मीटर नुसत्या तारेचा रोध दाखवत नाही. तार, क्लिपा, जोडतारा, क्लिपेखालचा मळ या सगळ्यांचा मिळून एकच आकडा तो समोर ठेवतो. त्यातून तारेचा वाटा वेगळा काढणं, हेच या प्रयोगातलं खरं काम आहे. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे.

आधी एक इशारा. हे सगळं दीड व्होल्टच्या साध्या सेलवर करायचं. भिंतीतल्या सॉकेटला यातली कुठलीही तार लावायची नाही. मोबाइलची किंवा गाडीची बॅटरीही नको. आखूड तारेतून तिचा करंट इतका जोरात वाहतो की तार लाल होते आणि बॅटरीलाही धोका असतो.

सामान

नायक्रोमची (निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची) उघडी तार साधारण सव्वा मीटर. दीड व्होल्टचा एक सेल, त्याचा होल्डर, एक स्विच. दोन मल्टिमीटर, एक करंटसाठी आणि एक व्होल्टेजसाठी. क्रोकोडाइल क्लिपा लावलेल्या पाच-सहा जोडतारा. लाकडी किंवा प्लास्टिकची मीटरपट्टी, चिकटपट्टी, बारीक पॉलिश पेपर, आलेख कागद. रिओस्टॅट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) मिळाला तर उत्तम. नसेल तर १० ओहमचा एक रेझिस्टर घ्या, त्यानेही काम भागतं.

मीटरपट्टी स्टीलची घेऊ नका. उघडी तार स्टीलच्या पट्टीवर ठेवली की करंट तारेऐवजी पट्टीतून जातो. मग मापं अशी विचित्र येतात की माणूस अर्धा तास मीटरलाच दोष देत बसतो.

सुरुवात नायक्रोमने का? एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर काटछेदाची तार घेतली तर नायक्रोमचा रोध सुमारे १.१ ओहम भरतो. तेवढ्याच तांब्याच्या तारेचा भरतो ०.०१७ ओहम. म्हणजे साठ-पासष्टपट फरक. तांब्याच्या वीतभर तारेचा रोध इतका किरकोळ असतो की क्लिपांचा रोध त्याला सहज झाकून टाकतो. शिवाय नायक्रोम थोडी तापली तरी तिचा रोध फारसा हलत नाही. नवशिक्याची एवढी चूक पोटात घालणारी दुसरी तार मला माहीत नाही.

जोडणी

सेल, स्विच, रिओस्टॅट (किंवा १० ओहमचा रेझिस्टर), करंट मोजणारा मीटर आणि नायक्रोमची तार ही सगळी एका माळेत, म्हणजे एकसर जोडणीत. व्होल्टेज मोजणारा मीटर मात्र फक्त नायक्रोमच्या तारेच्या दोन टोकांवर, समांतर.

घोडं पेंड खातं ते मल्टिमीटरच्या भोकांपाशी. बऱ्याच मीटरवर करंट मोजायला लाल पिन वेगळ्या भोकात घालावी लागते. काम झाल्यावर ती तिथेच राहते, आणि तोच मीटर कोणीतरी व्होल्टेज बघायला थेट सेलवर टेकवतो. करंटच्या भोकातून मीटरचा स्वतःचा रोध अगदी कमी असतो, त्यामुळे सेल शॉर्ट होतो आणि मीटरमधला फ्यूज उडतो. उडालेला फ्यूज बाहेरून दिसत नाही. मीटर नुसता शून्य दाखवत राहतो. माझे असे दोन फ्यूज गेले, तेव्हापासून मी करंटच्या मीटरवर चिकटपट्टीचा तुकडा लावून 'क' लिहून ठेवतो.

साध्या मल्टिमीटरवर २०० मिलिअँपिअरची रेंज असते. आपण १०० मिलिअँपिअरवर काम करायचं. फ्यूज सुरक्षित राहतो, तार कोमट होत नाही आणि हिशेबही सोपा होतो: मिलिव्होल्टमध्ये आलेल्या आकड्याला शंभराने भागलं की ओहम.

पहिली फेरी: लांबी

तार मीटरपट्टीवर सरळ ताणून दोन्ही टोकांना चिकटपट्टीने बसवा. ताण इतकाच, की तारेत बाक राहू नये. जोर लावून ओढू नका, त्याचं कारण जाडीच्या भागात येईल. जिथे क्लिपा बसणार तिथे पॉलिश पेपर फिरवून तार चमकवून घ्या. नायक्रोमवर ऑक्साइडचा काळपट थर असतो आणि तो करंटला चांगलाच अडवतो.

एक क्लिप शून्यावर पक्की. दुसरी क्लिप सरकवत न्यायची: २०, ४०, ६०, ८०, १०० सेंटिमीटर. लांबी मोजायची ती दोन क्लिपांच्या आतल्या कडांमधली. स्विच दाबा, रिओस्टॅट फिरवून करंट १०० मिलिअँपिअरवर आणा, व्होल्टेज वाचा, स्विच सोडा. रिओस्टॅट नसेल तर करंट दर वेळी थोडा वेगळा येईल. बिघडत नाही, दोन्ही आकडे एकाच वेळी लिहा आणि व्होल्टेजला करंटने भागा.

मापं ओळीने घेऊ नका. आधी ६०, मग २०, मग १००, असं उलटसुलट जा. ओळीने गेलं की सेल दमणं, तार तापणं, क्लिप सैल होणं हे सगळं लांबीबरोबरच वाढत जातं आणि लांबीचाच परिणाम वाटतं. प्रत्येक लांबीला तीन वेळा माप घ्या, दर वेळी क्लिप काढून पुन्हा लावून. क्लिप न हलवता तीनदा वाचलेला आकडा म्हणजे एकच माप तीनदा लिहिणं.

०.३७६ मिलिमीटर व्यासाच्या नायक्रोमच्या तारेवर, १०० मिलिअँपिअरला, माझ्या वहीतले आकडे असे आहेत:

२० सेंमी: २११ मिलिव्होल्ट, २.११ ओहम
४० सेंमी: ४०७ मिलिव्होल्ट, ४.०७ ओहम
६० सेंमी: ६०६ मिलिव्होल्ट, ६.०६ ओहम
८० सेंमी: ८०२ मिलिव्होल्ट, ८.०२ ओहम
१०० सेंमी: १००१ मिलिव्होल्ट, १०.०१ ओहम

आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर रोध घेऊन आलेख काढला की रेषा सरळ येते. पण नीट बघा. लांबी २० वरून ४० झाली, दुप्पट. रोध २.११ वरून ४.०७, म्हणजे दुपटीला थोडा कमी. रेषा मागे वाढवली तर ती आरंभबिंदूतून जात नाही, उभ्या अक्षाला सुमारे ०.१३ ओहमवर छेदते. लांबी शून्य, तार नाहीच, तरी रोध ०.१३? कुठेतरी पाणी मुरतंय.

इथे बरेच जण पट्टी थोडी कलती करून रेषा शून्यातून ओढून घेतात. मीही केलं आहे. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा माझ्याकडे एकच मीटर होता. मी फक्त करंट मोजला आणि सेल म्हणजे दीड व्होल्ट असं धरून भागाकार केला. रेषा शून्याच्या बरीच वर निघाली, म्हणून मी ती हाताने खाली दाबली. त्या 'बरीच वर'मध्ये सेलचा आतला रोध, मीटरचा रोध, जोडतारा असं सगळं बसलेलं होतं, आणि मी ते खोडून टाकलं.

ज्याच्या नावाने रोधाचं एकक आहे तो गेओर्ग ओहमही याच खड्ड्यात पडला होता. १८२५ साली त्याने तारेची लांबी आणि करंट यांचा संबंध प्रसिद्ध केला, तो चुकीचा निघाला. त्याच्या काळचे सेल वापरता वापरताच उतरायचे. मग पोगेनडॉर्फ या विज्ञान नियतकालिकाच्या संपादकाने त्याला सेल सोडून थर्मोकपल वापरायला सुचवलं (दोन धातूंचा जोड; त्याचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की व्होल्टेज तयार होतं). ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात ठेवला. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमानातला फरक बदलत नाही, म्हणून व्होल्टेजही बदलत नाही. १८२६ मध्ये या व्यवस्थेवर त्याने २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या तांब्याच्या आठ तारा तपासल्या. त्याला मिळालेल्या सूत्रात तारेच्या लांबीत एक ठरावीक संख्या मिळवलेली होती. ती संख्या म्हणजे तार सोडून उरलेल्या सर्किटचा रोध. आपले ०.१३ ओहम त्याच जातीचे. ओहमने ते दाबले नाहीत, सूत्रात लिहिले.

आपलं पाणी नेमकं कुठे मुरतंय ते शोधता येतं. व्होल्टेजच्या मीटरच्या तारा क्लिपांवर न लावता, क्लिपांच्या आत, थेट नायक्रोमवर टेकवा आणि लांबी या दोन टेकणांमधली मोजा. व्होल्टमीटरमधून करंट जवळपास जातच नाही, त्यामुळे त्याच्या टोकाशी सांधा जरा मळका असला तरी आकड्यावर परिणाम होत नाही. क्लिपांचा रोध आता मोजमापाच्या बाहेर राहतो. पुन्हा आलेख काढा. रेषा शून्याजवळून गेली तर दोष क्लिपांचा होता. तरीही वर राहिली तर लांबी मोजण्यात चूक आहे. या तारेवर ०.१३ ओहम म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर, आणि पट्टीच्या कडेपासून शून्याची खूण आत असते हे विसरणारे कमी नाहीत.

रेषा शून्यातून जावो न जावो, तिचा चढ मात्र निखळ तारेचा असतो. वरच्या आकड्यांत तो दर मीटर लांबीला ९.८८ ओहम येतो. हाच आकडा पुढे वापरायचा, सुटं एखादं माप नाही.

दुसरी फेरी: जाडी

जाडी मोजायला मायक्रोमीटर स्क्रू गेज हवा. तो नसेल तर पेन्सिलीभोवती तारेचे २० वेढे एकमेकांना चिकटवून घ्या आणि सगळ्या वेढ्यांची मिळून रुंदी पट्टीवर मोजा. साडेसात मिलिमीटर भरली तर व्यास ०.३७५ मिलिमीटर. वेढ्यांमध्ये फट राहू देऊ नका, नखाने सरकवत घट्ट करा. ही युक्ती स्वस्त स्क्रू गेजच्या तोडीस तोड काम करते.

स्क्रू गेज असेल तर आधी जबडे रिकामे मिटून शून्य बघा. मग तारेवर तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तार पाव फेरा फिरवून दोनदा मोजा. एवढा सोपस्कार का? काटछेदाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं, त्यामुळे व्यासातली चूक क्षेत्रफळात दुप्पट होऊन येते. ०.२८ मिलिमीटरच्या तारेत ०.०१ मिलिमीटरची चूक म्हणजे साडेतीन टक्के, आणि क्षेत्रफळात सात. या प्रयोगातली सगळ्यात मोठी चूक बहुतेक वेळा इथेच होते, मीटर बिचारा निर्दोष असतो.

आता नायक्रोमच्याच वेगवेगळ्या जाडीच्या तारा घ्या, लांबी सगळ्यांची ५० सेंटिमीटर. ०.२८ मिलिमीटरची तार सुमारे ९ ओहम दाखवेल, ०.५६ मिलिमीटरची सव्वादोनच्या आसपास. व्यास दुप्पट, रोध चौथा हिस्सा. व्यास आणि रोध यांचा थेट आलेख काढला तर वक्र मिळतो आणि वक्राकडे बघून नेमकं काही ठरवता येत नाही. आडव्या अक्षावर 'एक भागिले क्षेत्रफळ' घ्या, म्हणजे सरळ रेषा येते की नाही ते डोळ्यांनाच दिसतं.

वेगवेगळ्या जाडीच्या तारा नसतील तर एकाच रिळातले सारख्या लांबीचे दोन, तीन, चार पदर शेजारी शेजारी ठेवून दोन्ही टोकांना एकत्र क्लिपेत धरा. दोन पदर म्हणजे दुप्पट क्षेत्रफळ. पदरांना पीळ घालू नका, पिळात तारेची लांबी खपते. खरं तर मला हीच पद्धत जास्त आवडते, कारण इथे व्यास मोजायचीच गरज नाही आणि वरची सात टक्क्यांची चूक मुळातच टळते.

तार ओढू नका असं मघाशी म्हटलं, त्याचं कारण आता उघड आहे. ओढलेली तार लांब होताना बारीकही होते. तिचं घनफळ तेवढंच राहतं, म्हणून लांबी दुप्पट झाली तर क्षेत्रफळ निम्मं आणि रोध चौपट.

तारेला पाण्याच्या नळीची उपमा सर्रास दिली जाते. मला ती अर्धीच पटते. नळीला घडी पडली की पाणी अडतं, तार कशीही वळवा, रोध तोच राहतो (उघड्या तारेचे वेढे एकमेकांना टेकले नाहीत तर). आणि संथ वाहणाऱ्या पाण्यासाठी नळीचा व्यास दुप्पट केला तर प्रवाह सोळापट होतो, तारेत चौपटच. पाणी नळीच्या भिंतीला घासतं. तारेतल्या इलेक्ट्रॉनना अडथळा होतो तो धातूच्या आत, सगळीकडे सारखाच.

तिसरी फेरी: धातू

लांबी आणि जाडी तीच ठेवून धातू बदला. ०.३७६ मिलिमीटरची एक मीटर तार नायक्रोमची असेल तर दहा ओहमच्या आसपास, कॉन्स्टंटनची (तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची) साडेचारच्या आसपास, तांब्याची ०.१५. शंभर मिलिअँपिअरला तांब्यावर फक्त १५ मिलिव्होल्ट पडतात. त्यामुळे मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर आणा आणि आत टेकवण्याची पद्धत सोडू नका. मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर हे मोजायला जाऊ नका. दोन्ही टोकं नुसती एकमेकांना टेकवली तरी ती रेंज काही दशांश ओहम दाखवते, म्हणजे तारेपेक्षा मीटरच्या तारांचाच रोध जास्त.

तांब्याची वाइंडिंग वायर घेतली असेल तर तिच्यावर इनॅमलचा पातळ लेप असतो. टोकं खरवडल्याशिवाय करंट जाणारच नाही. व्यासही खरवडलेल्या जागी मोजा.

प्रत्येक धातूसाठी चढाला क्षेत्रफळाने गुणा. माझ्या नायक्रोमसाठी ९.८८ गुणिले ०.१११ चौरस मिलिमीटर म्हणजे १.१०, एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तारेचे ओहम. ही त्या मिश्रधातूची रोधकता. तार कितीही लांब वा जाड असो, हा आकडा त्या पदार्थाचा. तांब्याला ०.०१७, ॲल्युमिनियमला ०.०२७, लोखंडाला ०.१०, कॉन्स्टंटनला ०.४९. मिश्रधातू शुद्ध धातूंपेक्षा इतके वर का? शुद्ध तांब्यात अणू एकाच मापाचे, ओळीने बसलेले असतात. मिश्रधातूत वेगवेगळ्या जातीचे अणू मिसळून ओळ मोडते आणि इलेक्ट्रॉन जागोजागी विखुरतात.

चौथी फेरी: तापमान

इथे नायक्रोम नको. जो गुण आतापर्यंत कामाला आला तोच आता आड येतो. ०.२ मिलिमीटरची इनॅमलवाली तांब्याची तार दहा मीटर घ्या आणि पेन्सिलीवर गुंडाळी करा. तिचा रोध साधारण साडेपाच ओहम येतो, म्हणजे मोजण्याजोगा. गुंडाळी पाण्यात बुडवा, खरवडलेली टोकं मात्र पाण्याबाहेर ठेवा.

पाणी तापवत मापं घेऊ नका. तापताना तळाचं पाणी गरम आणि वरचं गार असतं. आधी ९० अंशांपर्यंत तापवा, आच बंद करा आणि निवताना दर दहा अंशांना, ढवळून, माप घ्या. शेवटचं माप बर्फाच्या पाण्यात. तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्याच्या जरा आतबाहेर वाढतो. शून्य अंशाला ४.९ ओहम असलेली गुंडाळी ९० अंशांना ६.८ च्या आसपास जाते. गरम धातूतले अणू जास्त थरथरतात, वाट जास्त अडते. नायक्रोमचीही तशीच गुंडाळी करून बघायची असेल तर लेप नाही हे लक्षात ठेवा. उघडे वेढे एकमेकांना टेकले की लांबीच कमी होते.

आणि म्हणूनच पहिल्या फेरीत करंट स्थिर ठेवला होता. करंट ठरलेला असला की तारेच्या प्रत्येक सेंटिमीटरमध्ये सारखीच उष्णता तयार होते, लांबी कितीही असो. व्होल्टेज ठरलेलं ठेवलं असतं तर आखूड तार जास्त तापली असती. दोन सेल थेट नायक्रोमच्या दहा सेंटिमीटरवर लावले तर हिशेबाने तीन अँपिअर आणि नऊ वॉट होतात. बोट भाजायला त्यातला थोडा अंशही पुरतो.

नाव नसलेलं रीळ

एवढं जमलं की एक काम करून बघा. ज्यावर काही लिहिलेलं नाही असं राखाडी तारेचं रीळ घ्या, चढ काढा, क्षेत्रफळाने गुणा. १.१ च्या जवळ आलं तर नायक्रोम. ०.४५ ते ०.५ आलं तर मात्र थांबा. कॉन्स्टंटन आणि मँगनिन (तांबं, मँगनीज आणि निकेलचा मिश्रधातू) दोन्ही त्याच भागात येतात, आणि तुमची व्यासाची चूक त्यांच्यातल्या फरकाएवढी आहे. तापवूनही उपयोग नाही, दोघांचाही रोध तापमानाने जवळपास हलत नाही.

अशा वेळी ओहमच्या थर्मोकपलची आठवण ठेवायची. अनोळखी तारेचं एक टोक तांब्याच्या तारेला घट्ट पिळा आणि तो पीळ ९० अंशांच्या पाण्यात बुडवा. दोन्ही तारांची मोकळी टोकं खोलीच्या तापमानाला ठेवून २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर मीटरला लावा, सेल वगैरे काही नको. अडीच-तीन मिलिव्होल्ट दिसले तर कॉन्स्टंटन. आकडा शून्याच्या आसपासच रेंगाळला तर मँगनिन.